नव्या कन्सोलची आवई उठते कुठून?

प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निंटेंडो यांच्यापैकी कोणाचाही नवा कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र, दुकानात दिसायच्या दोन-तीन वर्षे आधीपासून त्याच्याविषयी बातम्या येऊ लागतात. कधी त्यात चिपचे सांकेतिक नाव असते, कधी पेटीचे चित्र, कधी किंमत, तर कधी थेट विक्रीची तारीख. यांतल्या काही बातम्या शब्दशः खऱ्या निघतात, काही अर्ध्यामुर्ध्या खऱ्या निघतात आणि काहींचा पुढे मागमूसही राहत नाही. वाचणारा साहजिकच विचारतो, की हे खरे की खोटे? माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: ही बातमी कन्सोलच्या घडणीतल्या कोणत्या टप्प्यावरून निसटली? त्या त्या टप्प्यावरच्या माणसाला कन्सोलचा तेवढाच भाग ठाऊक असतो आणि बाकीचे तो स्वतःच्या, किंवा त्याचे ऐकून लिहिणारा आपल्या, तर्काने भरून काढतो. चिप आखणाऱ्याला किंमत माहीत नसते, दुकानदाराला चिप माहीत नसते आणि कव्हर बनवणाऱ्याला फक्त लांबी, रुंदी आणि भोकांच्या जागा माहीत असतात.

गुपित इतक्या हातांत जातेच का

कन्सोल एका कंपनीच्या नावाने विकला जात असला तरी तो एका कंपनीत तयार होत नाही. प्लेस्टेशन बनवणारी सोनी आणि एक्सबॉक्स बनवणारी मायक्रोसॉफ्ट यांच्या सध्याच्या कन्सोलमधील मुख्य चिप एएमडी या अमेरिकी कंपनीबरोबर आखलेली आहे आणि निंटेंडोची चिप एनव्हिडियाची आहे. या दोन्ही कंपन्या चिप आखतात, पण ती प्रत्यक्षात तैवान किंवा दक्षिण कोरियातील कारखान्यांत तयार होते. मेमरी, पडदा, पंखा, बॅटरी आणि प्लास्टिकचे भाग वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येतात आणि जोडणी चीन किंवा व्हिएतनाममध्ये होते. याहून मोठी अडचण गेमची आहे. कन्सोल विक्रीला आला त्या दिवशी त्यावर खेळण्याजोगे काही नसेल तर तो कोणी घेणार नाही, आणि मोठा गेम तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात. त्यामुळे कन्सोल बाजारात येण्याच्या बरेच आधी गेम बनवणाऱ्या स्टुडिओंना त्याची कागदपत्रे आणि पुढे चाचणीची यंत्रे द्यावी लागतात. या यंत्रांना धंद्यात डेव्ह किट म्हणतात. गुप्ततेच्या करारावर सगळ्यांच्या सह्या असतात, पण अनेक देशांतल्या हजारो माणसांनी सही केलेली गुप्तता किती दिवस टिकणार?

कंपन्या तोंड उघडत नाहीत याचे कारण सरळ व्यापारी आहे. नवे मॉडेल येणार हे आज जाहीर केले तर दुकानातले आजचे मॉडेल उद्यापासून पडून राहते. या भीतीला धंद्यात नाव मिळाले ते ऑस्बर्न कॉम्प्युटर या अमेरिकी कंपनीमुळे. १९८३ मध्ये तिने आपल्या पुढच्या संगणकांची चर्चा आधीच होऊ दिली, हातातल्या मॉडेलची मागणी आटली आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या बुडण्याची कारणे याहून गुंतागुंतीची होती असे पुढे अनेकांनी दाखवले आहे, तरी ही गोष्ट दरारा बसवायला पुरेशी होती. मात्र हेच हत्यार उलट्या बाजूनेही चालवता येते. मार्च १९९९ मध्ये सोनीने प्लेस्टेशन २ ची घोषणा केली तेव्हा तो विक्रीला यायला वर्ष बाकी होते, आणि सेगाचा ड्रीमकास्ट हा प्रतिस्पर्धी कन्सोल तर अजून अमेरिकेच्या बाजारात उतरायचा होता. समोरच्याचा कन्सोल घ्यायला निघालेले गिऱ्हाईक जरा थबकावे एवढाही परिणाम अशा वेळी पुरतो. म्हणून कंपन्यांना प्रत्येक वावडी नकोशीच असते असे समजण्याचे कारण नाही.

चिपच्या टप्प्यावरून निसटलेले आकडे

सर्वांत आधी निसटते ती चिप, कारण तिचे काम सर्वांत आधी सुरू होते. २०१९ च्या अखेरीस एएमडीच्या अंतर्गत चाचण्यांची माहिती प्रोग्रामचा मजकूर ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळावरून बाहेर आली. तिच्यात ओबेरॉन असे सांकेतिक नाव असलेली एक चिप होती आणि ती प्लेस्टेशन ५ ची असावी असा अंदाज जाणकारांनी बांधला. चित्र रंगवणाऱ्या भागात ३६ गणनएकके आणि २ गिगाहर्ट्झचा वेग असे तिचे वर्णन होते. आता टेराफ्लॉप हा शब्द या बातम्यांत फार येतो, तेव्हा तो एकदा सोडवून घेऊ. एका सेकंदात एक लाख कोटी गणिते म्हणजे एक टेराफ्लॉप. ३६ एककांपैकी प्रत्येकात ६४ छोटे गणक आहेत, प्रत्येक गणक एका ठोक्याला २ गणिते करतो आणि सेकंदाला २०० कोटी ठोके पडतात. हे सगळे एकमेकांशी गुणले की सुमारे ९.२ टेराफ्लॉप येतात.

हा आकडा आला आणि मोठा वाद पेटला, कारण त्याच सुमारास नव्या एक्सबॉक्सबद्दल १२ टेराफ्लॉप ऐकू येत होते. १८ मार्च २०२० रोजी सोनीचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी प्लेस्टेशन ५ ची रचना उलगडून सांगितली, तेव्हा एकके बरोबर ३६ च निघाली, पण वेग कमाल २.२३ गिगाहर्ट्झ आणि ताकद १०.२८ टेराफ्लॉप होती. मग बातमी खरी होती की खोटी? एककांची संख्या सिलिकॉनमध्ये कोरलेली असते. ती एकदा ठरली की नवी चिप आखल्याशिवाय बदलत नाही. ठोक्यांचा वेग मात्र पंखा किती मोठा, वीज किती आणि उष्णता कशी बाहेर काढायची यावर अवलंबून असतो आणि तो बऱ्याच उशिरापर्यंत वरखाली करता येतो. थोडक्यात, बातमीतला जो भाग दगडावरची रेघ होता तो टिकला आणि जो खडूने लिहिलेला होता तो पुसला गेला. चिपच्या पातळीवरची कोणतीही बातमी वाचताना हा फरक ध्यानात ठेवला तर निम्मा गोंधळ कमी होतो.

आकडा खरा असूनही फसवा असू शकतो, हे प्लेस्टेशन ५ प्रो या अधिक ताकदीच्या मॉडेलच्या वेळी दिसले. मार्च २०२४ मध्ये स्टुडिओंसाठी तयार केलेली सोनीची कागदपत्रे बाहेर आली. त्यांत या मॉडेलचे सांकेतिक नाव ट्रिनिटी होते, चित्र रंगवण्याचा वेग सुमारे ४५ टक्के अधिक असल्याचे म्हटले होते आणि ताकद ३३.५ टेराफ्लॉप दिली होती. जुन्या कन्सोलच्या तिप्पट, अशी समजूत लगेच पसरली. सप्टेंबरमध्ये अधिकृत घोषणा झाली तेव्हा ४५ टक्के हा आकडा तंतोतंत जुळला, पण सोनीने पुढे ताकद सांगितली ती १६.७ टेराफ्लॉप. कोणीच खोटे बोलले नव्हते. एएमडीच्या नव्या पिढीच्या चिपमध्ये काही विशिष्ट परिस्थितीत एका ठोक्याला दुप्पट गणिते बसवता येतात आणि ती दुप्पट धरून मोजायचे की न धरता, यावर आकडा बदलतो. वस्तू तीच, वजन तेच, फक्त एकाने गोणीसकट तोलले. एका पिढीचे टेराफ्लॉप दुसऱ्या पिढीच्या टेराफ्लॉपशेजारी ठेवून तुलना करणाऱ्या मथळ्यांकडे मी यामुळेच फारसे लक्ष देत नाही.

या कागदपत्रांत नसलेली गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. स्टुडिओला गेम बनवण्यासाठी किंमत लागत नाही, त्यामुळे ती तिथे नव्हती. म्हणूनच १० सप्टेंबर २०२४ रोजी ६९९.९९ डॉलर हा आकडा ऐकून आणि त्यात डिस्क ड्राइव्हही येत नाही हे कळून लोक चकित झाले. चिप, वेग, मेमरी यांची माहिती महिनोन्‌महिने आधी पाठ असलेल्यांनाही ते ठाऊक नव्हते.

डेव्ह किटच्या बातमीत आणखी एक फसगत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्राझीलच्या पेटंट कार्यालयातून सोनीच्या एका यंत्राचे रेखाचित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल खाच होती. प्लेस्टेशन ५ असाच दिसणार म्हणून लोकांनी त्याची रंगीत चित्रेही काढली. यंत्र खरे होते, पण ते स्टुडिओत रात्रंदिवस चालवायचे आणि हवा खेळती राहावी म्हणून तसे घडवलेले डेव्ह किट होते. जून २०२० मध्ये दाखवलेल्या पांढऱ्या, उंच कन्सोलशी त्याचे काडीचेही साम्य नव्हते.

कागदावरचा बेत आणि दुकानातली वस्तू

आजवरची सर्वांत अस्सल गळती कोणती असे विचारले तर मी सप्टेंबर २०२३ मधल्या मायक्रोसॉफ्टच्या प्रकरणाचे नाव घेईन. ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी मायक्रोसॉफ्टने विकत घेऊ नये म्हणून बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा लावला होता. त्या दाव्यातले पुरावे सार्वजनिक करताना गोपनीय कागदही सोबत गेले आणि ती फाइल मायक्रोसॉफ्टकडूनच आली होती असे न्यायालयाने नोंदवले. त्या कागदांत ब्रुकलिन नावाने डिस्कविरहित, गोल डब्यासारखा एक्सबॉक्स सिरीज एक्स होता, एलवूड नावाने सुधारित सिरीज एस होता, सेबाइल नावाचा नवा कंट्रोलर होता आणि २०२४ मधले त्यांच्या विक्रीचे बेतही होते. इतकेच काय, २०२८ च्या सुमारास क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरचे दूरचे संगणक, आणि घरचे यंत्र यांचा मिलाफ असलेली पुढची पिढी आणण्याचा विचारही त्यात मांडलेला होता.

याहून पक्का स्रोत असू शकत नाही. कागद कंपनीचे, कोर्टात दाखल झालेले, कोणा मधल्या माणसाने सांगितलेले नव्हे. तरीही २०२४ उजाडून संपले आणि गोल डबा काही आला नाही. एक्सबॉक्सचे त्या वेळचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी गळतीनंतर लगेच सांगितले होते की ही जुनी कागदपत्रे आहेत आणि मधल्या काळात बरेच बदलले आहे. जून २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने डिस्कविरहित सिरीज एक्स खरोखरच जाहीर केला, पण तो जुन्याच चौकोनी पेटीत होता, फक्त पांढरा रंग दिलेला. म्हणजे डिस्क काढून टाकण्याचा विचार टिकला, त्याचे नवे रूप मात्र गळून पडले. बहुतेक ठिकाणी खरी बातमी आणि खोटी बातमी एवढे दोनच कप्पे केले जातात. खरी असलेली पण शिळी झालेली बातमी ठेवायला तिसरा कप्पा लागतो आणि नेमका तोच सर्वांत भरलेला असतो.

स्विच प्रो नावाचे मृगजळ

निंटेंडोच्या बाबतीत हा घोळ पाच-सहा वर्षे चालला आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. तिचा स्विच हा कन्सोल मार्च २०१७ मध्ये आला. मार्च २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने दोन नवी मॉडेल येत असल्याचे छापले, एक स्वस्त आणि एक अधिक ताकदीचे. स्वस्त मॉडेल स्विच लाइट म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दाखल झाले. दुसऱ्याची मात्र वाट पाहावी लागली. प्रत्यक्षात आला तो अधिक बॅटरी टिकणारा, बाहेरून हुबेहूब जुन्यासारखाच दिसणारा स्विच. पण लोकांच्या मनात स्विच प्रो हे नाव घट्ट बसले, आणि लक्षात घ्या, हे नाव निंटेंडोने कधीही उच्चारलेले नव्हते.

मार्च २०२१ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने सांगितले की नव्या मॉडेलसाठी सॅमसंग ७ इंची ओलेड पडदे बनवणार आहे आणि टीव्हीला जोडल्यावर चित्र ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याच्या, दर्जाचे मिळेल. ६ जुलै २०२१ रोजी निंटेंडोने स्विचचे ओलेड मॉडेल जाहीर केले. पडदा ओलेड होता, मापही बरोबर ७ इंच होते, आणि ४के मात्र नव्हते. टप्प्यांचा हिशेब लावला तर यात नवल नाही. पडद्याची ऑर्डर म्हणजे पुरवठादारापर्यंत पोहोचलेली, पैसे आणि संख्या लिहिलेली पक्की गोष्ट. ४के ची माहिती मात्र गेम बनवणाऱ्यांच्या बाजूची आणि बहुधा दुसऱ्याच यंत्राची. दोन वेगवेगळ्या वस्तूंचे दोन खरे तुकडे एकाच मॉडेलवर डकवले गेले असावेत, असे माझे मत आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस ब्लूमबर्गने पुन्हा लिहिले की ११ कंपन्यांकडे ४के साठीची साधने पोहोचली आहेत. यावर निंटेंडोने, जी एरवी वावड्यांना उत्तर देत नाही, जाहीर इन्कार केला. ४के ची सोय असलेल्या स्विचसाठी आपण साधने पुरवत असल्याचे म्हणणे चुकीचे आहे आणि ओलेड मॉडेलखेरीज दुसरे नवे मॉडेल आणण्याचा या घडीला बेत नाही, असा त्याचा आशय होता. कंपनीचे इन्कार वाचायची एक रीत आहे. त्यातला प्रत्येक शब्द वकिलाने तोललेला असतो, तेव्हा काय नाकारले यापेक्षा कशापुरते नाकारले हे बघावे. ‘स्विच’ हा शब्द तिथे होता, त्याच्या पुढच्या पिढीचा उल्लेख नव्हता. ‘या घडीला’ हे शब्द होते, ‘कधीच नाही’ हे नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनीही इतक्यात नव्या मॉडेलची घोषणा नाही असे म्हटले होते आणि जुलैत घोषणा झाली. ‘इतक्यात’ म्हणजे साधारण पाच महिने, एवढे त्यावरून शिकता आले.

दरम्यान २०२२ च्या आरंभी लॅप्सस या हॅकरांच्या टोळीने एनव्हिडियाच्या यंत्रणेत शिरून बराच मजकूर चोरला. त्यात निंटेंडोसाठीच्या टी-२३९ या चिपचे आणि कमी दर्जाच्या चित्रातून उच्च दर्जाचे चित्र घडवणाऱ्या डीएलएसएस तंत्राचे उल्लेख सापडले. चोरीचा माल असला तरी तो चिपच्या टप्प्यावरचा होता, आणि तो टिकला. ५ जून २०२५ रोजी स्विच २ विक्रीला आला तेव्हा त्यात हीच चिप आणि हेच तंत्र होते आणि टीव्हीवर ४के चित्रही मिळत होते. पण चोरीपासून विक्रीपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ गेला, आणि त्या काळात दर सहा महिन्यांनी कोणी ना कोणी आता येणार, नक्की येणार अशी पुडी सोडत राहिले.

जकात, दाखले आणि दुकाने

विक्री जवळ येते तसे कन्सोलचे भाग सरकारी कागदांतून जाऊ लागतात आणि इथून पुढच्या बातम्या रूक्ष पण भरवशाच्या असतात. व्हिएतनामच्या आयात-निर्यातीच्या नोंदी चाळून हौशी शोधकांनी २०२४ मध्येच सांगितले होते की स्विच २ मध्ये १२ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण असेल, आणि तसेच झाले. या विद्येत भारताचाही वाटा आहे. एएमडीची मोठी केंद्रे हैदराबाद आणि बंगळुरू इथे आहेत, तिथे चाचणीसाठी येणाऱ्या ग्राफिक्स कार्डांच्या आयातीच्या नोंदी जगभरचे लोक वाचत असत आणि त्यावरून येऊ घातलेल्या मॉडेलचे अंदाज बांधत. नोंदीत रुपयांत लिहिलेली रक्कम ही जकातीसाठी जाहीर केलेली चाचणीच्या नमुन्याची किंमत असते. तिचे डॉलर करून हीच विक्रीची किंमत म्हणून छापणारेही कमी नव्हते.

रेडिओ लहरी वापरणाऱ्या यंत्राला अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेकडे नोंद करावी लागते, तर भारतात व्हिडिओ गेमची यंत्रे भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. अशा नोंदीतून मॉडेलचा क्रमांक, कारखाना आणि विजेची माहिती कळते. कंपनीच्या विनंतीवरून एफसीसी आतली छायाचित्रे आणि माहितीपुस्तिका काही काळ झाकून ठेवते, त्यामुळे क्रमांक दिसतो पण यंत्र दिसत नाही. नुसता क्रमांक बदलला म्हणजे नवे मॉडेल आले असेही नव्हे. आतला पंखा किंवा वाय-फायचा भाग बदलला तरी क्रमांक बदलतो.

कव्हर, पिशव्या आणि जोडउपकरणे बनवणाऱ्यांना आपला माल पहिल्या दिवशी दुकानात हवा असतो, म्हणून ते मापांच्या शोधात असतात. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात गेन्की या कंपनीने स्विच २ ची प्लास्टिकची प्रतिकृतीच मांडली, निंटेंडोच्या १६ जानेवारीच्या घोषणेच्या काही दिवस आधी. तिचा आकार जुळला, आणि निंटेंडोने पुढे त्या कंपनीला कोर्टातही खेचले. शेवटचा टप्पा दुकानांचा आणि गोदामांचा. २०१६ मध्ये सडपातळ प्लेस्टेशन ४ घोषणेआधीच ब्रिटनमधल्या एका छोट्या जाहिरातीत विकायला निघाला होता. सप्टेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्स सिरीज एसचे चित्र आणि २९९ डॉलर ही किंमत फुटली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने काही तासांतच चेष्टेच्या सुरात ती मान्य करून टाकली. उलट, दुकानाच्या संगणकावर दिसणारी ३१ डिसेंबर ही तारीख जवळजवळ कधीच खरी नसते. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून ती टाकलेली असते.

तारीख आणि किंमत

आता प्लेस्टेशन ६ विषयी जे चालले आहे ते या चौकटीत बसवून पाहू. पक्के असे थोडेच आहे: सोनी आणि एएमडी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये एकत्र येऊन पुढच्या चिपसाठीच्या काही तंत्रांची ओळख करून दिली आणि काही वर्षांत येणाऱ्या कन्सोलमध्ये ती वापरण्याची इच्छा सर्नी यांनी बोलून दाखवली, मायक्रोसॉफ्टनेही जून २०२५ मध्ये पुढच्या एक्सबॉक्ससाठी एएमडीबरोबरचा करार जाहीर केला. म्हणजे दोघेही अजून चिपच्या टप्प्यावर आहेत आणि त्यामुळे चिपच्या सांकेतिक नावांविषयीची कुजबुज ऐकण्याजोगी आहे. २०२७ हे साल मात्र बहुतेक ठिकाणी बातमी म्हणून येत असले तरी त्यामागे साधी बेरीज आहे. प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये आला, ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये, ५ नोव्हेंबर २०२० मध्ये. सातात सात मिळवायला आतल्या गोटातला माणूस लागत नाही. शिवाय एकाने वर्तवलेले साल दहा ठिकाणी छापून आले की दहा स्रोतांनी दुजोरा दिल्यासारखे वाटते. मागे मागे जात पाहिले तर दहाही वाटा एकाच व्हिडिओपाशी संपतात.

किमतीचा आकडा तर सर्वांत शेवटी ठरतो. निंटेंडोने स्विच २ ची किंमत २ एप्रिल २०२५ रोजी ४४९.९९ डॉलर अशी जाहीर केली. त्याच दिवशी अमेरिकेने नवे आयातशुल्क जाहीर केले आणि ९ एप्रिलपासून तिथे सुरू होणारी आगाऊ नोंदणी निंटेंडोला पुढे ढकलावी लागली. ती २४ एप्रिलला सुरू झाली तेव्हा कन्सोलची किंमत तीच राहिली, पण काही जोडउपकरणे महागली. जिथे कंपनीलाच दोन महिने आधी खात्री नव्हती, तिथे दोन वर्षे आधी डॉलरचा आकडा सांगणाऱ्याला ती कुठून मिळणार? ‘नवीन येतोय, जुना स्वस्त होईल’ हा आपला पिढीजात हिशेबही आता लागू पडेनासा झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन ५ ची किंमत, तो पाच वर्षांचा होत असताना, ५० डॉलरने वाढली.

पुण्या-मुंबईतल्या वाचकासाठी यात आणखी एक पदर आहे. प्लेस्टेशन ५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी. स्विच तर इथे मिळतो तो आयातदारांकडून, लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी, नाही तर न्यू जर्सीतल्या एखाद्या मावसभावाच्या बॅगेतून. आणि प्लेस्टेशन ५ प्रो? त्याची चिप, त्याचा वेग, त्याची मेमरी महिनोन्‌महिने आधी कळली होती. घोषणेच्या थोडे आधी फ्रान्समधल्या डीलॅब्स या संकेतस्थळाने त्याच्या अंगावरचे तीन काळे पट्टेही काढून दाखवले होते. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तो विक्रीला आला तेव्हा भारत त्या यादीत नव्हता. त्याचे वाय-फाय ७ हे ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या लहरी वापरते आणि तो पट्टा तेव्हा भारतात अशा वापरासाठी खुला नव्हता, असे सोनीने स्पष्ट केले. ज्या कागदांवरून जगाने चिप ओळखली त्यांत हे कुठे लिहिलेले नव्हते. ते लिहिलेले होते दूरसंचार खात्याच्या नियमांत, सगळ्यांना वाचता येईल असे.